पेशी, ऊती आणि अवयव संस्था: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळकरी मुलं, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे आणि मुलांचा अभ्यास घेताना अडलेले पालक, या तिघांकडून हे प्रश्न सतत येत राहतात. सोपे आधी घेतले आहेत, अडवणारे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा उगाळलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पेशी म्हणजे नेमकं काय? "सजीवांचा मूलभूत घटक" हे पाठ आहे, पण डोक्यात शिरत नाही.

ती व्याख्या थोडा वेळ बाजूला ठेवा आणि तोडफोड करून बघा. यकृताचा बारीकसा तुकडा घेऊन त्यातल्या पेशी सुट्या केल्या आणि योग्य पोषक द्रवात ठेवल्या, तर त्या काही काळ जगतात. आता पेशीच फोडली आणि तिच्यातल्या तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारे छोटे भाग) वेगळ्या काढल्या, तर त्या थोडा वेळ काम करतात आणि थंडावतात. त्यांच्यापासून नव्या तंतुकणिका होत नाहीत. म्हणजे पेशीपर्यंत तोडत गेलं तरी "जगणं" हातात राहतं, त्याखाली गेलं की निसटतं. मूलभूत घटक म्हणतात तो या अर्थाने.

नावाची गोष्टही मजेशीर आहे. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात ज्या खोल्या पाहिल्या, त्या रिकाम्या होत्या. पेशी कधीच मरून गेलेल्या, उरल्या होत्या त्या फक्त भिंती. त्यानंतर दहाएक वर्षांत लेव्हेनहूकने पाण्याच्या थेंबात वळवळणारे एकपेशीय जीव पाहिले. वनस्पती पेशींच्या बनलेल्या असतात हे श्लायडेनने १८३८ मध्ये मांडलं, प्राण्यांचंही तसंच आहे हे श्वानने १८३९ मध्ये, आणि नवी पेशी आधीच्या पेशीपासूनच होते हे फिर्खोने १८५५ मध्ये ठासून सांगितलं.

२. पेशी आणि मांसपेशी एकच का?

नाही. हा घोळ मराठी आणि हिंदी पुस्तकं एकत्र वाचणाऱ्यांचा हमखास होतो. मराठीतली पेशी म्हणजे हिंदीतली कोशिका. हिंदीत पेशी किंवा मांसपेशी म्हणजे आपला स्नायू. आणि हिंदी पुस्तकातला "स्नायु" म्हणजे हाडाला हाड बांधणारा अस्थिबंध! मराठीतली ऊती तिकडे ऊतक होते. परीक्षेच्या तोंडावर तरी एकाच भाषेतलं पुस्तक धरा.

३. प्राणिपेशी आणि वनस्पतिपेशी यांतला खरा फरक कोणता?

पुस्तकातल्या तक्त्यात तीन गोष्टी असतात: वनस्पतिपेशीला प्रद्रव्यपटलाबाहेर (म्हणजे पेशीच्या पातळ आवरणाबाहेर) सेल्युलोजची पेशीभित्तिका असते, प्रकाशसंश्लेषण करणारी हिरवी हरितलवकं असतात आणि एक भलीमोठी रिक्तिका, म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी, असते. माझ्या मते यातली भित्तिका सगळ्यात महत्त्वाची, कारण बाकी बरंच काही तिच्यामुळे ठरतं. शुद्ध पाण्यात टाकलेली लाल रक्तपेशी परासरणाने पाणी ओढत फुगते आणि फुटते. म्हणून शिरेतून देतात ते सलाइन ०.९ टक्के मिठाचं असतं. वनस्पतिपेशी मात्र भिंतीला टेकेपर्यंत फुगते आणि तिथेच टिच्च बसते. कोवळं रोप हाडांशिवाय ताठ उभं राहतं ते या दाबावर, आणि पाणी कमी पडलं की मान टाकतं तेही याच कारणाने. भिंतीची किंमत अशी की वनस्पतिपेशीला जागचं हलता येत नाही. याचा एक मोठा फायदा प्रश्न १८ मध्ये येईल.

एक चूक मात्र उत्तरपत्रिकांत फार दिसते: "वनस्पतींत हरितलवकं, प्राण्यांत तंतुकणिका". तंतुकणिका दोघांतही असतात (प्रश्न ६ पाहा).

४. कांद्याच्या सालीची स्लाइड पाहिली, एकही हरितलवक दिसलं नाही. काय चुकलं?

काहीच नाही. ती साल जमिनीतल्या, अन्न साठवणाऱ्या पानाची असते. तिथे उजेड नाही, म्हणून हरितलवकंही नाहीत. पेशीभित्तिका, केंद्रक आणि रिक्तिका दिसली की स्लाइड जमली. हिरवे ठिपके हवे असतील तर पाणवनस्पतीचं कोवळं पान घ्या.

खरा दोष पुस्तकातल्या आकृतीचा आहे. सगळी अंगकं (पेशीतले कामाचे छोटे भाग) एकाच ठिकाणी, सारख्या प्रमाणात असलेली ती "नमुना पेशी" निसर्गात कुठेही नसते. ती नकाशावरच्या खुणांच्या यादीसारखी आहे. सगळ्या खुणा एकाच गावात सापडत नाहीत.

५. हत्तीच्या पेशी उंदराच्या पेशींपेक्षा मोठ्या असतात का?

साधारणपणे नाही. हत्तीकडे पेशी जास्त असतात, मोठ्या नव्हे. कारण भूमितीत आहे. १ एकक बाजूच्या घनाचं पृष्ठफळ ६ आणि घनफळ १. बाजू दुप्पट केली की पृष्ठफळ २४ होतं, पण घनफळ ८ होतं. म्हणजे प्रत्येक घन एककाच्या वाट्याला ६ ऐवजी ३ एककं पृष्ठभाग उरतो. पेशीचं सगळं देणंघेणं पृष्ठभागातून चालतं, त्यामुळे पेशी वाढत गेली की तिचा मध्यभाग उपाशी राहतो.

अपवाद आहेत, पण तेही हा नियम पाळूनच. पाठीच्या कण्यापासून पावलापर्यंत गेलेल्या चेतापेशीचा तंतू मीटरभर लांब असतो, पण अत्यंत बारीक. कोंबडीच्या अंड्यातला पिवळा बलक ही मुळात एकच पेशी, पण तिच्यात बहुतेक साठाच असतो; जिवंत कारभार वरच्या एका छोट्या ठिपक्यात चालतो.

६. झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन. बरोबर ना?

अर्धंच बरोबर. श्वसन चोवीस तास चालू असतं, प्रत्येक जिवंत पेशीत, मुळांतसुद्धा. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग त्याहून बराच जास्त असल्याने बाहेर पडताना फक्त ऑक्सिजन दिसतो. रात्री तो पडदा दूर होतो, एवढंच.

हरितलवक साखर तयार करतं आणि तंतुकणिका ती साखर वापरून पेशीला ऊर्जा देते. या दोन्ही अंगकांकडे स्वतःचा डीएनए असतो. फार पूर्वी हे स्वतंत्र जिवाणू होते आणि दुसऱ्या पेशीत शिरून तिथलेच होऊन गेले, हा विचार लिन मार्ग्युलिसने १९६७ मध्ये जोरकसपणे मांडला. सुरुवातीला त्याला विरोध झाला. आज तो सर्वमान्य आहे.

७. ऊती म्हणजे काय, आणि प्राण्यांत त्या किती प्रकारच्या असतात?

एकाच प्रकारचं काम मिळून करणारा पेशींचा गट म्हणजे ऊती. प्राण्यांत चार: आच्छादन करणारी अभिस्तर, जोडणारी आणि आधार देणारी संयोजी, आकुंचन पावणारी स्नायू आणि संदेश वाहणारी चेता. कुठलाही अवयव घ्या, त्यात बहुधा चारही सापडतात. जठरात आतून अभिस्तराचं अस्तर असतं, अन्न घुसळायला स्नायू, त्या स्नायूंवर लक्ष ठेवायला चेता, आणि हे सगळं एकत्र धरून ठेवायला संयोजी ऊती.

८. रक्त तर वाहतं. त्याला ऊती कसं म्हणायचं?

संयोजी ऊतीची ओळख घट्टपणा ही नाही. पेशी एकमेकींना चिकटून न राहता मधल्या कसल्यातरी माध्यमात विखुरलेल्या असणं, ही तिची खूण. हाडात ते माध्यम कॅल्शियमच्या क्षारांनी कडक झालेलं असतं, कूर्चेत लवचीक असतं आणि रक्तात ते द्रव असतं: रक्तद्रव, जो रक्ताच्या साधारण ५५ टक्के भरतो. हाड आणि रक्त एका कुटुंबातले आहेत हे पहिल्यांदा ऐकलं की पटत नाही, पण नव्या रक्तपेशी हाडांच्या पोकळीतल्या मज्जेतच तयार होतात.

९. वनस्पतींच्या ऊतींची नावं लक्षात राहत नाहीत. काही युक्ती?

नावाआधी काम लक्षात ठेवा. पहिला प्रश्न: पेशी अजून विभागते आहे का? हो, तर विभाजी ऊती. नाही, तर स्थायी. विभाजी ऊती ठरावीक जागीच असतात. मुळांच्या आणि फांद्यांच्या टोकाशी असते ती लांबी वाढवते, खोडाच्या कडेने असते ती घेर वाढवते. म्हणून खोडात छातीच्या उंचीवर ठोकलेला खिळा वीस वर्षांनीही तिथेच सापडतो, फक्त खोडात रुतलेला. झाड टोकाला वाढलेलं असतं, बुंध्याशी नाही.

स्थायी ऊतींत दुसरा प्रश्न: काम कसलं? जागा भरणं आणि साठवणं, तर मूल ऊती. वाकू देणारा आधार, तर स्थूलकोन; पानाचा देठ वाऱ्यात वाकतो पण मोडत नाही तो हिच्यामुळे. न वाकणारा आधार, तर दृढ ऊती. नारळाची करवंटी तिची, आणि पेअर खाताना दाताखाली कचकचतं तेही तिचंच. वाहतूक, तर पाण्याला जलवाहिनी आणि साखरेला रसवाहिनी.

१०. जलवाहिनीतल्या पेशी मेलेल्या असतात. मग पाणी शेंड्यापर्यंत चढवतं कोण?

या यादीतला माझा सर्वांत आवडता प्रश्न.

आधी नेहमीची दोन उत्तरं तपासू. "केशाकर्षणाने चढतं", म्हणजे बारीक नळीत पाणी आपोआप वर सरकतं तसं, असं बरेच जण लिहितात. ५० मायक्रोमीटर रुंदीच्या नळीत केशाकर्षणाने पाणी जेमतेम ६० सेंटिमीटर चढतं, गुलाबाच्या झुडपालाही ते पुरणार नाही. "मुळं खालून ढकलतात" हेही खरं आहे, पण तो दाब थोडाच असतो. कॅलिफोर्नियातला हायपेरियन नावाचा रेडवूड ११५ मीटरच्या वर उंच आहे. वरून शोषून घेणारा चांगल्यातला चांगला पंपही पाणी १० मीटरच्या आसपासच चढवू शकतो, कारण त्यात हवेचा दाबच काम करत असतो.

मग जिवंत पेशी पंप मारत असतील का? जगदीशचंद्र बोस यांचं मत तसंच होतं. त्यांनी १९२३ मध्ये स्पंदन पावणाऱ्या पेशींची कल्पना मांडली. ती टिकली नाही. त्याआधीच, १८९१ च्या सुमारास, बॉनच्या एडुआर्ड श्ट्रासबुर्गरने कापलेली झाडं विषारी द्रावणात उभी केली होती. वाटेतल्या जिवंत पेशी मेल्या, तरी द्रावण वर चढत राहिलं.

उत्तर पानात आहे. पर्णरंध्रांतून पाण्याची वाफ निघून जाते, पानातल्या पेशींच्या ओल्या भिंतींवरचं पाणी आकसतं आणि मागच्या पाण्याला ओढतं. पाण्याचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की ही ओढ अखंड दोरीसारखी थेट मुळापर्यंत पोहोचते. हे स्पष्टीकरण डब्लिनच्या हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी १८९४ मध्ये दिलं. सगळी ऊर्जा सूर्याची, झाडाला पंपासाठी दमडीही खर्च करावी लागत नाही. मुळांनी घेतलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून जास्त असं उडूनच जातं.

आता मेलेल्या पेशींचं कोडं सुटतं. आत पेशीद्रव्य असतं तर दोरीला अडथळा झाला असता. जलवाहिनीची पेशी आधी भिंत जाड करते, मग स्वतःला आतून रिकामं करते. तिच्या बाबतीत मरण हाच कामावर रुजू होण्याचा दिवस.

११. खोड आतून पोकळ झालेलं झाड जगतं, पण साल गोलाकार काढली तर मरतं. उलटं नको का?

मधलं लाकूड जुन्या, बंद पडलेल्या जलवाहिन्यांचं असतं. ते कुजलं तरी बाहेरच्या कड्यातल्या नव्या जलवाहिन्या पाणी नेत राहतात. रसवाहिनी मात्र सालीच्या आतल्या बाजूला असते. सालीचं पूर्ण कडं काढलं की पानांतली साखर मुळांपर्यंत जात नाही. झाड लगेच मरत नाही. साठा संपेपर्यंत मुळं तग धरतात आणि मग सगळंच बसतं.

१२. झाडांना अवयव संस्था असतात का?

असतात, पण दोनच मानतात: जमिनीखालची मूळसंस्था आणि वरची प्ररोहसंस्था. प्राण्यांसारखी एका कामाची एक संस्था अशी वाटणी तिथे नाही. तशी ती प्राण्यांतही काटेकोर नसते. स्वादुपिंड पाचकरस सोडतं म्हणून पचनसंस्थेत, इन्सुलिन सोडतं म्हणून अंतःस्रावी संस्थेतही. "एक अवयव, एक संस्था" अशा जोड्या लावायला सांगणारे प्रश्न काढूच नयेत असं मला वाटतं.

१३. हृदयाला मेंदू हुकूम देतो ना?

वेग कमीजास्त करायला सांगतो, धडधडायला नाही. उजव्या अलिंदाच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या) भिंतीत वरच्या बाजूला पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तो आपणहून ठरावीक वेळाने विद्युतस्पंद सोडतो. याचा पुरावा प्रत्यारोपणात मिळतो. केपटाउनमध्ये ख्रिश्चन बर्नार्ड यांनी १९६७ मध्ये माणसाच्या हृदयाचं पहिलं प्रत्यारोपण केलं. अशा हृदयाच्या चेता कापलेल्या असतात, तरी ते चालतं. गंमत म्हणजे विश्रांतीच्या वेळी ते नेहमीच्या हृदयापेक्षा जास्त वेगाने चालतं, मिनिटाला साधारण ९० ते ११० ठोके. म्हणजे एरवी मेंदू लगाम ओढून धरत असतो.

१४. धमनीत शुद्ध रक्त आणि शिरेत अशुद्ध, असं लिहिलं तर मार्क मिळतील?

मिळतीलही, पण चुकीचं आहे. हृदयाकडून निघते ती धमनी, हृदयाकडे येते ती शीर. रक्त कसलंही असो. फुप्फुस धमनीत ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं, फुप्फुस शिरेत भरपूर ऑक्सिजन असलेलं. गर्भाच्या नाळेतही हाच उलटा प्रकार असतो. "अशुद्ध" हा शब्दच टाळावा. विश्रांतीच्या वेळी शिरांतून परतणाऱ्या रक्तातल्या हिमोग्लोबिनवर अजून सुमारे ७५ टक्के ऑक्सिजन असतो.

१५. दर सात वर्षांनी शरीर संपूर्ण नवं होतं, हे खरं का?

नाही. आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत बदलतं, त्वचेचा बाहेरचा थर महिन्याभरात, लाल रक्तपेशी १२० दिवसांत. हाडांचा साधारण दहावा भाग वर्षाला नवा होतो. पण मेंदूच्या बाह्यकातल्या (बाहेरच्या थरातल्या) चेतापेशी जन्मभर त्याच राहतात, आणि डोळ्याच्या भिंगाचा गाभा तर जन्माआधीचाच असतो.

हे मोजलं कसं, ते सांगायलाच हवं. १९६३ पर्यंत वातावरणात झालेल्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) वाढला आणि नंतर उतरत गेला. पेशी जन्मली त्या वर्षीचं प्रमाण तिच्या डीएनएत कोरलं जातं. स्टॉकहोमच्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने त्यावरून २००९ मध्ये दाखवलं की हृदयाच्या स्नायुपेशी पंचविशीत वर्षाला १ टक्का बदलतात आणि पंचाहत्तरीत ०.४५ टक्के.

१६. लाल रक्तपेशीत केंद्रक नसतं. मग तिला पेशी म्हणायचं का?

म्हणायचं. ती केंद्रकासह जन्मते आणि मज्जेतच ते बाहेर टाकते, कारण हिमोग्लोबिनला जागा हवी. तंतुकणिकाही टाकते, त्यामुळे वाहून नेत असलेला ऑक्सिजन ती स्वतः वापरत नाही. दुरुस्ती मात्र करता येत नाही, म्हणून आयुष्य ठरलेलं. माणसाच्या शरीरातल्या सुमारे ३० लाख कोटी पेशींपैकी ८० टक्क्यांहून जास्त याच. दर सेकंदाला वीस लाखांवर नव्या घडवाव्या लागतात. हा प्रकार सस्तन प्राण्यांपुरता. पक्षी, बेडूक आणि मासे यांच्या लाल पेशींत केंद्रक असतं.

वनस्पतींतही असंच एक उदाहरण आहे. रसवाहिनीच्या चाळणीनलिकेतल्या पेशी जिवंत असतात, पण केंद्रकाशिवाय. शेजारची सहपेशी त्यांचा कारभार बघते.

१७. बोट तुटलं तर त्यातून माणूस उगवत नाही, फांदीतून झाड मात्र उगवतं. असं का?

सूचना दोन्हीकडे पूर्ण असतात. बोटाच्या पेशीतही सगळा डीएनए असतोच. पण प्राण्याची पेशी एकदा त्वचा किंवा स्नायू झाली की सूचनांच्या त्या पुस्तकातली बाकीची पानं जवळजवळ कायमची मिटते. वनस्पतिपेशी ती सहज उघडते. स्टुअर्डने १९५८ मध्ये गाजराच्या रसवाहिनीतल्या पेशींपासून पूर्ण रोपं वाढवली. प्राण्यांत मिटलेली पानं उघडायला फार खटाटोप लागला. डॉली मेंढी १९९६ मध्ये आली तेव्हा पूर्ण वाढलेल्या पेशीचं केंद्रक अंडपेशीत बसवावं लागलं. यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या त्वचेतल्या पेशी चार जनुकांच्या मदतीने मूलपेशींसारख्या, म्हणजे कुठल्याही प्रकारची पेशी होऊ शकणाऱ्या, करून दाखवल्या.

१८. झाडांना कॅन्सर होतो का?

गाठी होतात. ॲग्रोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू जखमेतून शिरतो, स्वतःच्या डीएनएचा तुकडा वनस्पतिपेशीच्या डीएनएत घुसवतो आणि पेशी बेबंद विभागू लागतात. खोडाच्या बुंध्याशी मोठी गाठ येते. पण ती गाठ शरीरभर पसरत नाही. प्राण्यात कॅन्सरची पेशी जागा सोडते, रक्तात शिरते आणि फुप्फुसात किंवा हाडात जाऊन ठाण मांडते. वनस्पतिपेशी शेजारणींशी भिंतीने जखडलेली असते (प्रश्न ३), आणि वाहिन्यांतून पाणी आणि साखर वाहते, सुट्या पेशी नाहीत. शिवाय एक फांदी गेली तरी झाडाचं अडत नाही. यकृत किंवा मेंदूसारखा एकच एक, ज्यावाचून सगळं थांबावं असा अवयव त्याच्याकडे नाही. डीएनए घुसवण्याची त्या जिवाणूची हीच खोड १९८३ पासून प्रयोगशाळांनी कामाला लावली आहे. गाठ आणणारी जनुकं काढून टाकतात, त्या जागी हवं ते जनुक ठेवतात, आणि ते पोहोचवायचं काम जिवाणू बिनबोभाट करतो.